वचनबल



पाठशाळेत आपण सगळ्यांनीच दहा प्राण पाठ केले आहेत. पाच इंद्रियांचे पाच, मग मनोबल, वचनबल, कायबल, आणि शेवटी श्वासोच्छ्वास आणि आयू. एकेंद्रिय जीवाला चार प्राण, दोन इंद्रियांच्या जीवाला सहा, असं वाढत वाढत मन असलेल्या पंचेंद्रियाला पूर्ण दहा. परीक्षेत हा प्रश्न हमखास यायचा. पण यातले वचनबल आणि कायबल माणूस पूर्ण शुद्धीत असताना हातातून निसटू लागले तर काय होतं, हे तेव्हा कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं. माझ्या मावशीच्या आजारपणामुळे गेली तीन वर्षं मी याच एका गोष्टीचा विचार करते आहे.

मावशीला मोटर न्यूरॉन डिसीज आहे. शास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग यांना होता तोच आजार. यात मेंदूचा हुकूम स्नायूंपर्यंत पोचवणाऱ्या चेतापेशी हळूहळू मरत जातात. मावशीची आधी हाताची पकड गेली, मग पाय गेले, मग जीभ जड झाली. आता डोळे आणि पापण्या एवढंच तिच्या ताब्यात आहे. बुद्धी मात्र जशीच्या तशी. चाळीस वर्षं शाळेत आणि पाठशाळेत शिकवलेली बाई ती. आजही कुणी तिच्या समोर स्तोत्र चुकीचं म्हटलं की तिच्या भुवया वर जातात.

भेटायला येणाऱ्या बायका चांगल्या मनानं म्हणतात, "मावशींचं आता मौनव्रतच झालं. केवढी निर्जरा होत असेल." मला हे पटत नाही. ज्याला बोलता येतं त्यानं न बोलणं ठरवलं तर ते मौन. वचनगुप्ती पाळायची तर आधी वचन हवं. उपवास आणि उपासमार यांत पोट सारखंच रिकामं असतं, पण आपण दोन्हीला एक नाव देत नाही. मावशीचं बोलणं तिनं सोडलेलं नाही, ते तिच्याकडून गेलं आहे. ती ते समताभावानं सोसते हा तिचा पुरुषार्थ. पण म्हणून तिचं गप्प असणं आपण सोयीचं मानून घ्यायचं का?

ते किती महागात पडतं, याचा एक प्रसंग सांगते. गिळता येईना तेव्हा मावशीच्या पोटात नळी बसवली. हॉस्पिटलमधून फीडचं वेळापत्रक लिहून मिळालं, त्यात शेवटचं फीड रात्री साडेनऊचं. घरी आल्यापासून रोज रात्री तिचा चेहरा लाल व्हायचा, डोळ्यांतून पाणी यायचं. सगळ्यांना वाटलं, नळीची जागा दुखते. दुखण्याचं औषध वाढलं, मग झोपेचं सुरू झालं. एका रात्री माझ्या मावसभावाच्या बायकोनं, वहिनींनी, बाराखडीचा तक्ता काढला. त्या ओळीवर बोट ठेवायच्या, हवी ती ओळ आली की मावशी डोळे वर करायची. मग त्या ओळीतलं एकेक अक्षर. पहिलं अक्षर आलं स. दुसरं र. वहिनींना वाटलं 'सरळ' म्हणायचं आहे, त्यांनी उशी सरळ केली. मावशीनं डोळे गच्च मिटले. पुन्हा ओळींवर बोट फिरलं आणि तिसरं अक्षर आलं य.

सूर्य.

वयाच्या बाविसाव्या वर्षापासून मावशीचा रात्रिभोजनाचा त्याग आहे, तोही पाण्यासकट. घरात सगळ्यांना तो माहीत होता. पण नळीतून जातं ते 'जेवण' आहे असं कुणाच्या मनातच आलं नाही. वहिनींनी दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना फोन केला. त्यांनी सहज सांगितलं की तेवढंच अन्न सकाळी साडेसहा ते संध्याकाळी सहाच्या आत विभागून द्या, काही बिघडत नाही. त्या दिवसापासून मावशी झोपेच्या औषधाशिवाय झोपते. तीन अक्षरांनी तिचं व्रत तिला परत मिळालं. वचनबल हा प्राण का म्हटला आहे, हे मला त्या तीन अक्षरांनी समजावलं.

तक्त्यावर एक साधं वाक्य यायला दहा-दहा मिनिटं लागतात. म्हणून मावसभावाच्या मुलानं जेव्हा अमेरिकेतल्या एका माणसाचा व्हिडिओ आणून दाखवला, तेव्हा आम्ही सगळ्याच बायका स्वयंपाक टाकून बघत बसलो. त्या माणसाचं नाव केसी हॅरेल. वय तेव्हा पंचेचाळीस, आजार मावशीचाच. २०२३ च्या जुलैमध्ये कॅलिफोर्नियातल्या डेव्हिसच्या विद्यापीठातल्या डॉक्टरांनी त्यांच्या मेंदूच्या पृष्ठभागात चार छोट्या चिप बसवल्या. एकेका चिपवर केसासारखे बारीक ६४ इलेक्ट्रोड, म्हणजे एकूण २५६. हॅरेल बोलायचा प्रयत्न करतात, शब्द समोरच्या पडद्यावर उमटतात आणि कॉम्प्युटर ते वाचून दाखवतो. तोही त्यांच्या स्वतःच्या आवाजात, कारण आजारापूर्वीची त्यांची रेकॉर्डिंग जपलेली होती. पहिल्यांदा आपले शब्द पडद्यावर बरोबर उमटलेले पाहून ते रडले.

याला ब्रेन-कॉम्प्युटर इंटरफेस म्हणतात. ऐकायला अवघड वाटतं, पण तत्त्व साधं आहे. घरात मीटरपर्यंत वीज आलेली आहे, दिवाही चांगला आहे, फक्त मधली वायर तुटली आहे, असं समजा. आपण बोलतो तेव्हा ओठ, जीभ, जबडा, घसा यांना हलवणारे हुकूम मेंदूच्या एका पट्ट्यातून सुटतात. मोटर न्यूरॉन डिसीजमध्ये किंवा मेंदूच्या देठाला झालेल्या पक्षाघातात ते हुकूम सुटतात, पण पोचत नाहीत. इलेक्ट्रोड ते हुकूम सुटतात तिथेच टिपतात. रुग्णाला पडद्यावर वाक्य दाखवतात, तो ते म्हणायचा प्रयत्न करतो, आणि कॉम्प्युटर शिकत जातो की अमुक हालचाल म्हणजे अमुक ध्वनी. हॅरेल यांच्या बाबतीत पहिल्याच दिवशी अर्ध्या तासाच्या सरावानंतर ५० शब्दांच्या संग्रहात ९९.६ टक्के शब्द बरोबर आले. पुढे सव्वा लाख शब्दांच्या संग्रहातही अचूकता ९७ टक्क्यांच्या वर राहिली. वेग मिनिटाला साधारण ३२ शब्द. आपण गप्पा मारतो त्यापेक्षा हे बरंच सावकाश आहे, पण 'स, र, य' च्या तुलनेत बघा.

कॅनडातल्या ॲन जॉन्सन यांची गोष्ट तर मला घरातलीच वाटली. २००५ साली, वयाच्या तिसाव्या वर्षी त्यांना पक्षाघात झाला. लग्नाला जेमतेम दोन वर्षं, पदरात तेरा महिन्यांची मुलगी. शिक्षिका होत्या. एका दिवसात बोलणं, हलणं सगळं थांबलं. नंतर डोक्याच्या थोड्याशा हालचालीनं त्या एकेक अक्षर टाइप करायला शिकल्या, मिनिटाला १४ शब्दांपर्यंत. मग सॅन फ्रान्सिस्कोत डॉ. एडवर्ड चँग यांच्या चमूनं २५३ इलेक्ट्रोडची कागदासारखी पातळ पट्टी त्यांच्या मेंदूवर ठेवली. २०२३ मध्ये 'नेचर' मासिकात हे प्रसिद्ध झालं तेव्हा वेग मिनिटाला ७८ शब्दांवर गेला होता. चारातला एक शब्द अजून चुकत होता आणि वाक्य ऐकू यायला काही सेकंद लागत होते. २०२५ मध्ये ती वाटही पुष्कळ कमी झाल्याचं चमूनं दाखवलं. पण आवाज कुठून आणला, ठाऊक आहे? त्यांच्या लग्नाच्या व्हिडिओतून. कितीतरी वर्षांपूर्वीच्या नवरीचा आवाज.

कायबलाचीही अशीच एक गोष्ट आहे. कॅथी हचिन्सन या अमेरिकन बाईंना १९९६ मध्ये पक्षाघात झाला होता. २०११ मध्ये त्यांनी केवळ मनाच्या प्रयत्नानं यांत्रिक हात हलवून कॉफीची बाटली तोंडाशी आणली आणि नळीनं घोट घेतला. जवळजवळ पंधरा वर्षांत कुणी न भरवता घेतलेला पहिला घोट. ज्यांनी घरात कुणाला वर्षानुवर्षं भरवलं आहे, त्यांना त्याची किंमत वेगळी सांगायला नको.

आता हे सगळं वाचून कुणी आपल्या माणसासाठी उद्याच चौकशी करायला निघेल, म्हणून आधीच सांगते. अजून हे प्रयोग आहेत, दुकानात किंवा साध्या दवाखान्यात मिळणारी वस्तू नाही. बहुतेक वेळा कवटी उघडावी लागते, संसर्गाचा धोका असतो. वाणीचं आकलनच ज्या पक्षाघातात बिघडतं, तिथे ही रीत आजच्या रूपात तितकी कामाची नाही. विचार आणि शब्द शाबूत आहेत पण स्नायू ऐकत नाहीत, अशांसाठी ती आहे. आणि मिळालेलं परतही जाऊ शकतं. इयान बर्कहार्ट या तरुणाला २०१४ मध्ये बसवलेल्या चिपमुळे स्वतःचा लुळा हात पुन्हा हलवता आला होता. २०२१ मध्ये ती चिप काढावी लागली आणि हात पुन्हा निपचित झाला. अनित्य भावना आपण रोज म्हणतो, त्यानं ती भोगली.

भाषेचीही अडचण आहे. ॲन यांचं यंत्र इंग्रजीच्या ३९ ध्वनींवर शिकलं. आपल्या ळ चं, ण चं काय? 'चमचा' आणि 'चहा' यातल्या दोन वेगळ्या च चं काय? त्याच चमूनं स्पॅनिश आणि इंग्रजी दोन्ही बोलू पाहणाऱ्या एका माणसासाठी दोन्ही भाषांत हे करून दाखवलं आहे, म्हणजे रस्ता बंद नाही. पण मावशीचं मराठी त्या यंत्राला कुणीतरी शिकवावं लागेल.

यापुढचं लिहायला मला सगळ्यात जड जातं. माणसाच्या मेंदूत अशी चिप २००४ मध्ये मॅथ्यू नेगल या लकवा झालेल्या तरुणाला बसवली गेली. त्याआधी ती माकडांच्या मेंदूत बसवून पाहिलेली होती, आणि आजही नवं उपकरण आधी प्राण्यांवरच तपासलं जातं. माकड हा मन असलेला पंचेंद्रिय जीव. त्याला प्राण किती? दहा. आपल्याइतकेच. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या एका संस्थेनं अशा प्रयोगांतल्या माकडांच्या हालांबद्दल सरकारकडे तक्रारही केली होती.

आमच्या स्वाध्याय मंडळात हा विषय निघाला तेव्हा दोन तट पडले. एकीचं म्हणणं, कृत आणि कारित नसलं तरी अनुमोदनेचा दोष लागतोच. ज्याच्या मुळाशी पंचेंद्रियाचे हाल आहेत त्याला आपण वाहवा कशी म्हणायची? दुसरीचं म्हणणं, मग रक्तदाबाची गोळीसुद्धा घेऊ नका, तिच्याही मागे तेच आहे; औषधदान हे चार दानांतलं एक दान, ते टाकणार का? दोघींचंही खरं होतं. मला स्वतःला एवढंच धरून ठेवता येतं: ॲनच्या आवाजाचा आनंद मानायचा, आणि माकडाच्या वेदनेला 'त्याला इलाज नाही' म्हणून झटकायचं नाही. दोन्ही मनात राहू द्यायचं. प्राण्यांविना तपासणी होऊ शकते तिथे तीच व्हावी, असा आग्रह धरणारे लोक जगात आहेत. आपला आवाज त्यांच्या बाजूला असावा. आणखी एक फरक मला दिसतो. हॅरेल, जॉन्सन, नेगल यांनी स्वतः होकार देऊन आपलं डोकं पुढे केलं, त्याचा फायदा आपल्यापेक्षा पुढच्यांनाच जास्त होईल हे माहीत असून. त्याला मी दानच म्हणेन. माकडाला कुणी विचारलं नव्हतं.

मंडळातली ही चर्चा मावशीच्याच घरी, बाहेरच्या खोलीत चालली होती. तास-दीड तास झाला तेव्हा वहिनी म्हणाल्या, "अहो, जिच्यासाठी भांडताय तिला विचारा की." सगळ्या आत गेल्या. वहिनींनी दोन्ही बाजू नीट सांगितल्या, माकडांचंही सांगितलं, आणि तक्ता धरला. उत्तर यायला अकरा मिनिटं लागली. 'आवाज द्या. मग सांगते.'

खूप वेळ कुणी बोललं नाही. मग कुणीतरी हसलं, आणि मावशीच्याही भुवया वर गेल्या, शाळेत जायच्या तशा.

आणखी एक भीती आपल्यातल्या पुष्कळजणींना वाटेल. यंत्र मनातलंच वाचू लागलं तर? मनात काय काय येतं ते आपलं आपल्याला माहीत. म्हणून तर प्रतिक्रमण करायचं. सध्याची यंत्रं माणूस बोलायचा प्रयत्न करतो तेव्हाच चालतात. पण २०२५ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी दाखवलं की ओठ न हलवता मनातल्या मनात म्हटलेली वाक्यंही काही प्रमाणात ओळखता येतात, सगळ्यात चांगल्या निकालात ७४ टक्क्यांपर्यंत. चांगली गोष्ट ही की कुलपाचा विचारही त्यांनीच केला. रुग्णानं मनात एक ठरलेला शब्दसमूह म्हटल्याशिवाय यंत्र उघडत नाही, आणि ते कुलूप ९८ टक्क्यांहून जास्त वेळा बरोबर ओळखतं. चिली देशानं तर २०२१ मध्ये मेंदूतल्या माहितीचं रक्षण आपल्या राज्यघटनेतच घातलं. मन, वचन, काय अशा तीन वेगवेगळ्या गुप्ती आपल्याकडे का सांगितल्या, ते अशा वेळी उमगतं. मनात येणं वेगळं, बोलणं वेगळं. मधलं दार उघडायचं की नाही, हे त्या जिवाचंच.

तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात हिंसेची व्याख्या आहे: प्रमादानं प्राणांना धक्का पोचवणं. आपण ती मुंगीसाठी पाळतो, पाणी गाळताना पाळतो. खाटेवरच्या माणसासाठीही ती लागू आहे, असं मला आता वाटतं. त्याच्या डोक्यावरून त्याच्याबद्दल बोलणं, त्याच्या वतीनं उत्तर देणं, 'त्यांना काय कळतंय' म्हणणं, हाही वचनबलाला लागलेला धक्काच. आणि द्रव्यसंग्रहात तिसऱ्या गाथेत सांगितलंच आहे की प्राण हे व्यवहारानं. निश्चयानं जीव म्हणजे चेतना. वचन गेलं, काया गेली, तरी चेतना तसूभरही कमी झालेली नसते.

चिप येईल तेव्हा येईल. आज घरात काय करता येईल, ते वहिनींकडून शिकलेलं लिहिते.

बाराखडीचा नव्हे, वर्णमालेचा तक्ता करा. आपली वर्णमाला यासाठीच बनवल्यासारखी आहे. कवर्ग, चवर्ग अशा पाच-पाच अक्षरांच्या ओळी, त्यामुळे आधी ओळ, मग अक्षर, फार शोधावं लागत नाही. काना-मात्रा सोडून द्या, त्या अंदाजानं लागतात. वरच्या ओळीत रोज लागणारे शब्द घाला: दुखतंय, कूस, पाणी, पुरे, बाहेर जा. हो, 'बाहेर जा' सुद्धा. क्ष शेवटी असतो, तो वहिनींनी पहिल्या ओळीत आणला, क्षमावाणीला मावशीला शेवटपर्यंत थांबावं लागू नये म्हणून.

एका वेळी एकच प्रश्न विचारा. 'हो' साठी डोळे वर, 'नाही' साठी मिटणे, असं ठरवून ते खाटेजवळ लिहून ठेवा, म्हणजे नव्या नर्सलाही कळेल. शब्द अर्धा आला की घाईनं पुरा करू नका. 'सरळ' आणि 'सूर्य' लक्षात ठेवा. डोळ्यांच्या हालचालीवर चालणारी यंत्रं आणि मोबाइलची ॲपही आहेत, त्याबद्दल स्पीच थेरपिस्टना विचारा.

हॉस्पिटलमधून घरी येताना त्या माणसाचे नियम, व्रतं डॉक्टरांना आपणहून सांगा. जिथे जमणार नसेल तिथे डॉक्टर नाही म्हणतील. पण विचारलंच नाही तर जमणारही राहून जातं.

आणि मैत्रिणींनो, घरातल्या मोठ्यांचे आवाज रेकॉर्ड करून ठेवा. आजार आल्यावर नाही, आत्ता. भक्तामर म्हणताना, लोणच्याचं प्रमाण सांगताना, नातवाला रागावताना. ॲन यांना लग्नाच्या व्हिडिओनं वाचवलं. मावशीचा आवाज आमच्याकडे फक्त व्हॉट्सॲपवरच्या चार मिनिटांत आहे. पाठशाळेच्या वार्षिक समारंभात ती मुलांना ओळीत उभं राहायला सांगते आहे, तेवढाच. तो मी तीन ठिकाणी जपून ठेवला आहे. उद्या मराठी शिकलेलं यंत्र आलं, तर त्याला देता येईल.

वैयावृत्त्य हे अंतरंग तपांपैकी एक तप आहे. आपण त्याचा अर्थ पाय दाबणं, वेळेवर औषध देणं असा घेतो. मी त्यात आता आणखी एक धरते: अक्षर येईपर्यंत थांबणं.

जय जिनेंद्र.